बडोद्यात 'अल्टरनेटर गेला' ऐकलंत तर आधी मीटर लावा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २६ फुटांवरून कितीतरी वर चढली. तेव्हापासून बडोद्यातल्या गॅरेजवाल्यांना 'पुराचं पाणी' हे आयतं कारण मिळालंय. दांडिया बाजारातल्या एका काकांची गाडी सकाळी सेल्फला जड जायची, हेडलाइट मंद पडायचे. मिस्त्रीने चालू इंजिनवर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल उपसलं, इंजिन बंद पडलं. "बघा, अल्टरनेटर मेला," म्हणजे चालू इंजिनवर वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग गेला. बॅटरीसकट बिल साडेसतरा हजार. आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं.

टर्मिनल उपसायची ही 'टेस्ट' जुन्या गाड्यांत खपून जायची. आता बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं. चांगल्या अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे आतले भाग) जातात, ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरही जळू शकतो. म्हणजे तपासणीतूनच पुढचं काम निघतं. पाना टर्मिनलकडे वळला की तिथेच हात धरा.

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावूनच बघा. बेल्ट सैल नाही ना, तेही आधीच.

काकांच्या गाडीत अल्टरनेटरच्या मागचा जाड बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यात १४.२ होते, बॅटरीच्या खुंट्यांवर मात्र १२.९. मधले १.३ कुठे मुरले? मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर १.१ (आकडा उणे आला तरी घाबरू नका). इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, खराब. इंजिनाकडून बॉडीला येणाऱ्या पट्टीच्या बोल्टखाली हिरवी पूड साचली होती, निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी काही शे रुपयांत येते. बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली की झालं. हाच दोष पॉझिटिव्हच्या केबलमध्येही असू शकतो. तिथेही अशीच काडी लावायची.

बसवलेला 'नवा' अल्टरनेटरही नवा नव्हताच. चंदेरी रंग ताजा, पण पुलीच्या नटावर पान्याचे जुने ओरखडे. कुणाचा तरी काढलेला, कार्बन ब्रश बदलून रंगवलेला. बिलावर पार्ट नंबर नाही, वॉरंटी कार्ड नाही. काकांनी स्वतःचा जुना परत मागितला, तर उत्तर आलं, "तो तर भंगारात गेला."