टाउटनच्या रणभूमीवर ‘सहावा हेन्री’

लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने 2013 च्या उन्हाळ्यात शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाचे तिन्ही भाग टाउटन, ट्यूक्सबरी, सेंट ऑल्बन्स आणि बार्नेट येथे, जिथे गुलाबांची युद्धे (पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत झालेल्या लढाया) खरोखर झाली तिथेच, उघड्यावर आणि एकाच दिवसात सादर केले. दिग्दर्शन निक बॅग्नॉल यांचे होते. मी पाहिला तो यॉर्कशायरमधील टाउटनचा प्रयोग.

पहिला भाग बराचसा फ्रान्समधील लढायांत जातो, त्यामुळे त्या शेतजमिनीचा नाटकाशी संबंध जुळायला फार वेळ लागतो. दरबारातील कारस्थाने तर चार भिंतींतच शोभतात. मोकळ्या रानात हलक्या आवाजातील संवाद विरून जातात. याला अपवाद दुसऱ्या भागातील जॅक केडच्या बंडाचा, कारण उघड्यावर बसलेले प्रेक्षकच त्याचा जमाव वाटू लागतात.

जागेचे चीज होते ते तिसऱ्या भागाच्या दुसऱ्या अंकात. लढाई ऐन भरात असताना राजा हेन्री मातीच्या उंचवट्यावर बसून, आपण साधे मेंढपाळ असतो तर दिवस कसे घालवले असते, याचा हिशेब मांडतो. तेवढ्यात मेलेल्या शत्रूला लुटायला वाकलेला एक तरुण त्याच्या चेहऱ्यात स्वतःचा बाप ओळखतो, आणि पाठोपाठ एक बाप आपल्याच हातून मेलेल्या मुलाला ओळखतो. टाउटनची ही लढाई 29 मार्च 1461 ची, म्हणजे पानिपताच्या तीनशे वर्षे आधीची. 1996 मध्ये जवळच टाउटन हॉल येथे बांधकामात सापडलेल्या सामूहिक दफनातील कवट्यांवर वारांच्या खुणा होत्या, हे ठाऊक असलेल्या माणसाला तो प्रवेश निव्वळ नाटक म्हणून पाहता येत नाही.

गंमत अशी, की खरा हेन्री त्या दिवशी रणात नव्हताच, तो यॉर्क शहरात होता. आणि त्याच्या लँकेस्टर पक्षाच्या तोंडावर येऊन लढाईचे पारडे फिरवणारे हिमवादळ शेक्सपिअरने गाळून टाकले आहे. म्हणजे जागेने सर्वांत जास्त साथ दिली ती नाटककाराने रचलेल्या प्रसंगाला. माझ्या मते प्रयोगाचे यश इथेच आहे, आणि एवढ्यासाठी सगळा दिवस सतरंजीवर काढणे मला महाग वाटले नाही. पाठदुखी असणाऱ्यांनी मात्र अशा प्रयोगाला घडीची खुर्ची न्यावी, आणि एकच भाग पाहायचा असेल तर तिसरा निवडावा.