राजारामपुरीतलं प्रबंध बाइंडिंग : चार स्टार

शिवाजी विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध जमा करायचाय? मग इथंच या. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं एकदम सरळ. बांधणीकडं पुरेसा समास नसला तर मालक पानं तशीच परत देतात, "आधी नीट छापून आणा, मॅडम!" माझा उसाच्या पाचटावरचा प्रबंध बघून म्हणाले, "ह्याला बक्षीस मिळतंय का काय?"

मिशिगन विद्यापीठात मिळतं की! प्रबंधांच्या प्रती विकणाऱ्या प्रोक्वेस्ट कंपनीच्या पैशातून उत्कृष्ट प्रबंधांना पुरस्कार देतात. ही कंपनी १९३८ साली तिथल्याच ॲन आर्बरमध्ये मायक्रोफिल्मच्या, म्हणजे पानांचे बारीक फोटो फिल्मवर उतरवायच्या धंद्यातून उभी राहिली. प्रबंधांवर कमावलं, थोडं संशोधकांना दिलं, रास्तच आहे. आपल्या साखर कारखान्यांनीही मनावर घ्यावं.

एक स्टार पार्किंगपायी कापला. संध्याकाळी तिथं गाडी लावणं म्हणजे कुस्तीच.