पित्तनलिकेच्या सिस्टची शस्त्रक्रिया : छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयाचा अनुभव

परभणीच्या आमच्या थोरल्या वहिनींना वर्षभर पित्ताच्याच गोळ्या चालू होत्या. कावीळ झाल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय तपासणी) केली, तेव्हा पित्तनलिकेची सिस्ट, म्हणजे नलिकेचा फुगवटा, दिसली. सर्जननी केसपेपरच्या पाठीमागे फुगलेल्या नलिकेचे चित्र काढून समजावले, की १९७७ च्या तोदानी वर्गीकरणातला हा पहिला, सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. पूर्वी सिस्ट नुसती आतड्याला जोडत, परंतु मागे राहिलेल्या अस्तरात कर्करोगाचा धोका उरत असल्याने आता ती पित्ताशयासह काढून यकृताकडून येणारी नलिका थेट लहान आतड्याला जोडतात. इतक्या निवांतपणे बोलणारे डॉक्टर आम्हांला (तीन दवाखाने पालथे घालूनही) आधी भेटले नव्हते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. परिचारिका पोटातल्या नळीचे पाणी रोज मोजून, त्यात पित्ताची हिरवट छटा नाही ना, हे उजेडात धरून पाहत. बिलाच्या खिडकीवर मात्र अंदाजपत्रकात नसलेल्या दोन रकमा निघाल्या, आणि त्यांचा खुलासा शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याहून खटकले ते डिस्चार्ज कार्ड : जोड पुढे अरुंद होऊ शकतो, थंडी वाजून ताप किंवा कावीळ आल्यास तातडीने यावे, तपासण्या आयुष्यभर कराव्यात, यांपैकी एकही ओळ त्यावर नव्हती, आम्ही मागितल्यावर सर्जननी ती हाताने लिहून दिली.