जुन्या गेमचा शोध आणि गमावलेले ७,३०० रुपये

१९९१ साली नवी पेठेतल्या मामांच्या घरी एका इंग्रजी संगणक मासिकात मी एका राजकीय गेमचे परीक्षण वाचले होते. हुकूमशहा पळून गेल्यावर देशाची सूत्रे आपल्या हाती येतात, तीन पक्षांतून मंत्री निवडायचे, जमीनवाटप, कर्ज आणि लष्कर यांविषयी निर्णय घ्यायचे आणि शेवटी इतिहासाने आपली काय नोंद केली ते वाचायचे, एवढेच लक्षात राहिले. गेमचे आणि मासिकाचे नाव पुसले गेले. सोलापुरातल्या रद्दीच्या दुकानांत शोध घेऊन थकल्यावर, मागच्या वर्षी जुन्या संगणकांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी हे सारे वर्णन तपशिलाने लिहिले.

दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. तोच अंक सीडीसह आपल्याकडे आहे, असे ते म्हणाले. पळालेला हुकूमशहा, तीन पक्ष, इतिहासाची नोंद, सगळे त्यांनी अचूक सांगितले आणि मला आनंदाने भरून आले. ते माझेच शब्द मला परत ऐकवत होते, हे त्या वेळी ध्यानात आले नाही. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रातल्या सीडीवर विंडोज ९५ असे छापलेले होते. विंडोज ९५ ही संगणकप्रणाली १९९५ साली आली, त्यामुळे १९९१ च्या अंकासोबत ती सीडी येणे शक्यच नव्हते, पण मी फक्त मुखपृष्ठ पाहत राहिलो.

आगाऊ १,८०० रुपये आणि कुरिअरचे ६०० रुपये मी पाठवले. आठवडाभराने पार्सल हरवल्याचे सांगून त्यांनी पैसे परत करण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून मी पिन टाकला आणि खात्यातून आणखी ४,९०० रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मला माहीत होते, तरी हातून ते घडले. संकोचामुळे १९३० या सायबर मदतवाहिनीवर मी चार दिवस उशिरा फोन केला. तक्रार लगेच आली तर पुढच्या खात्यातली रक्कम बँकेकरवी रोखता येते. माझी तोवर काढली गेली होती.

पुढे माझ्या भाच्याच्या एका मित्राने त्याच वर्णनावरून गेम ओळखला. हिडन अजेंडा, साल १९८८, मध्य अमेरिकेतला चिमेरिका नावाचा काल्पनिक देश आणि पळालेला हुकूमशहा फार्सांते. चिमेरिका हे नाव मी कुठेही लिहिले नव्हते. ते कानी पडताच मासिकाचे ते पान डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या विक्रेत्याला मी देशाचे नाव एकदा जरी विचारले असते, तरी व्यवहार तिथेच थांबला असता. जुना अंक विकत घेणाऱ्यांनी आपल्या आठवणीतली निदान एक खूण स्वतःपाशी राखून ठेवावी आणि पैसे देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर पाने उलटून दाखवायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विंडोज ९५ छापलेल्या सीडीचे तेच छायाचित्र अलीकडे दुसऱ्या एका जुन्या गेमच्या नावाने माझ्या पाहण्यात आले.