मलय शिकावी की ह्मोंग?

आग्नेय आशियातली एखादी भाषा शिकायची आहे, मलय घेऊ की ह्मोंग, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, बोलणार कुणाशी? क्वालालंपूरला चार वर्षं काढली, आता अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये राहते, जिथे लाओसमधून आलेली ह्मोंग कुटुंबं खूप आहेत. पहिल्या गावात मलयशिवाय माझं पान हलत नव्हतं. दुसऱ्या गावात ह्मोंग न येताही सगळं चालतं, तरी ती शिकावीशी वाटली. दोन्हींमध्ये काय मिळतं आणि कुठे घाम निघतो, ते इथे लिहिते.

दोन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मलय ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे फिलिपिन्सपासून मादागास्करपर्यंत पसरलेल्या भाषांची बहीण. ह्मोंग ही ह्मोंग-मिएन कुळातली. तिचं मूळ दक्षिण चीनच्या डोंगरांत, ग्वेइझो-युनानच्या बाजूला. दोन्हींत लिंग नाही आणि क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे "तो आला, ती आली, ते आलं" असला पसारा कुठेच नाही. सोपेपणाचं साम्य बहुतेक इथेच संपतं.

मलयमध्ये मराठी माणसाचा पाय पहिल्याच दिवशी ओळखीच्या जमिनीवर पडतो. क्वालालंपूरच्या आमच्या इमारतीत लिफ्टजवळ धूम्रपानबंदीची पाटी होती आणि खाली लिहिलं होतं "देंदा". मी क्षणभर थांबले. दंड! मग असे शब्द दिसतच राहिले. पंतप्रधान म्हणजे "पेर्दाना मेंतेरी". नौदलाच्या सेनापतीला जुना शब्द "लक्समाना", रामायणातल्या लक्ष्मणावरून आलेला. सिंगापूरचं सेंतोसा बेट म्हणजे संतोष. "सुका-दुका" म्हणजे सुखदुःख, जोडशब्दसुद्धा आपल्यासारखाच. "केतिका" म्हणजे जेव्हा. मूळ शब्द घटिका, आपली घटका.

पण ओळखीच्या शब्दांनी फसायलाही होतं. "केपाला" म्हणजे कपाळ नव्हे, अख्खं डोकं. "चहाया" हा छायेचा वंशज, पण अर्थ प्रकाश. "देवासा" दिवसावरून आला आणि अर्थ झाला प्रौढ. "दुआ" म्हणजे दोन, पण ते संस्कृत नाही. तो अस्सल ऑस्ट्रोनेशियन शब्द आहे, साम्य निव्वळ योगायोगाचं.

हे नातं किती जुनं आहे त्याचा पुरावा दगडावर आहे. सुमात्रातल्या पालेंबांगजवळ सापडलेला केदुकान बुकित शिलालेख जुन्या मलयमधला आहे, लिपी पल्लव, आणि सुरुवात "स्वस्ति श्री" अशी. पुढे शकवर्ष 605, म्हणजे इसवी सन 683, वैशाख शुद्ध एकादशी. पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

दुसरा धागा पोर्तुगिजांचा. अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये आजच्या मलेशियातलं मलाक्का. म्हणून मलयमध्ये लिलावाला "लेलोंग" म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आले. चर्चला "गेरेजा", गोव्यात इगर्ज. खिडकीला "जेंदेला", कोकणीत जनेल. अननसाला "नानास". कोकणी येणाऱ्या वाचकाची पहिली दीडदोनशे शब्दांची वही तर अर्धी भरलेलीच असते.

मलयचा खरा घाम नंतर निघतो. "अजार" या धातूपासून "बेलाजार" (शिकणे), "मेंगाजार" (शिकवणे), "पेलाजार" (विद्यार्थी), "पेंगाजार" (शिक्षक), "पेलाजारान" (धडा) असं झाड वाढतं. "मेनुलिस" हा शब्द कोशात म च्या पानावर सापडत नाही, "तुलिस" खाली शोधावा लागतो, कारण उपसर्ग लागताना त गळून पडतो. शिवाय पुस्तकातली मलय आणि तोंडातली मलय यांत अंतर बरंच आहे: "तिदाक"चं "ताक" होतं, "हेंदाक"चं "नाक". आणि रोमन लिपीत ए एकच, उच्चार दोन. एका उच्चाराने "पेरांग" म्हणजे युद्ध, दुसऱ्याने तपकिरी रंग. हे कानानेच शिकायचं.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला फुकट मिळते. मलयमध्ये "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत. "किता" म्हणजे समोरच्याला धरून, "कामी" म्हणजे त्याला वगळून. माझ्या वर्गातल्या इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्यांनी यावर आठवडे घालवले, मला ते सांगावंच लागलं नाही.

ह्मोंगची गोष्ट उलटी आहे. तिथे सगळा कठीण भाग दारातच उभा असतो, आणि तो म्हणजे सूर. एकच "पॉ" हे अक्षर सात सुरांत म्हटलं की सात शब्द होतात: गोळा, स्त्री, फेकणे, प्लीहा, काटा, वडिलांची आई, पाहणे. काही सूर उंच-सखल आहेत, पण काहींत आवाजाची जातच बदलते. एक सूर धापेसारखा, श्वास सोडत म्हणायचा. दुसरा शेवटी गळ्यात अडकवून तोडायचा. मराठीत आपण आवाज चढवतो तो राग किंवा प्रश्न दाखवायला, शब्द बदलायला नाही. ही सवय मोडायला मला पहिले सहा महिने लागले.

सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात भाजी विकणाऱ्यांत ह्मोंग कुटुंबं खूप आहेत. कोथिंबिरीच्या आणि गवती चहाच्या जुड्या मांडून बसलेल्या एका वयस्कर बाईंना मी आदराने आजी म्हणायला गेले आणि म्हणाले काटा. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि शब्द हळू, श्वास सोडत पुन्हा म्हटला. हाताला ती थरथर जाणवली तेव्हा मला तो सूर कळला. त्याआधी महिनाभर ध्वनिफिती ऐकून तो कळला नव्हता. ह्मोंगसाठी माणूस लागतो, असं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगते.

बाकीच्या उच्चारांत मराठी जिभेचं पारडं जड आहे. त-थ, ट-ठ, प-फ हे फरक ह्मोंगमध्ये आहेत, आणि आपल्याला ते शिकवावे लागत नाहीत. "चाक"मधला दंत्य च आणि "चहा"मधला तालव्य च वेगळे ठेवायची आपली सवय इथे थेट कामी येते: वडिलांना ह्मोंग "त्सी" म्हणतात, तो चाकातला च. "म्ह", "न्ह", "ल्ह" म्हणणाऱ्या तोंडाला ह्मोंगचे श्वासातून येणारे म-न-ल थोड्या सरावाने जमतात. जमत नाही तो घशाच्या अगदी मागून येणारा क. त्याला वेळ द्यावा लागतो.

सर्वनामांतही एक जुनी ओळख भेटते. ह्मोंगमध्ये द्विवचन आहे: आम्ही दोघं वेगळं, तिघांपासून पुढचे आम्ही वेगळं, तसंच तुम्ही आणि ते. शाळेत संस्कृतचं "आवाम्" पाठ केलेल्यांना हे नवं नाही. आणि तिघांपासूनच्या "आम्ही"साठी जो शब्द, "पे", तोच तीन या आकड्यासाठीही.

लिपीबद्दल दोन शब्द, कारण नवख्यांची भीती तिथेच बसते. ह्मोंगची आज सर्वांत रुळलेली रोमन लिपी लाओसमध्ये 1951 ते 1953 च्या दरम्यान तयार झाली. लिनवूड बार्नी, विल्यम स्मॉली आणि फादर इव्ह बर्त्रे या धर्मप्रसारकांचं ते काम. त्यात शब्दाच्या शेवटचं अक्षर उच्चारायचं नसतं, ते सूर सांगतं. बी आला की उंच, एस आला की खालचा, जी आला की धापेचा. दोन स्वर जोडून लिहिले की नाकातून बोलायचं. शब्द पाहून आधी डोळे फिरतात, पण ही लिपी अत्यंत प्रामाणिक आहे: सूर लिहिलेलाच असतो, अंदाज बांधावा लागत नाही. मलयच्या त्या दुहेरी ए पेक्षा मला ही बरी वाटते.

दुसरी लिपी आहे पहाव्ह ह्मोंग. 1959 मध्ये शाँग लू यांग नावाच्या शेतकऱ्याने ती घडवली. त्यांना तोवर कोणतीही लिपी येत नव्हती. 1971 मध्ये त्यांचा खून झाला. एका निरक्षर माणसाने आपल्या भाषेचे सूर कानांनी वेगळे काढून त्यांना चिन्हं द्यावीत, हे मला भाषांच्या इतिहासातलं फार मोठं काम वाटतं. शिकायला मात्र आधी रोमनच घ्या.

उपयोगाचं विचाराल तर तुलनाच नाही. 28 ऑक्टोबर 1928 रोजी इंडोनेशियातल्या तरुणांनी बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, एकतेची भाषा म्हणून मलयचं रूप निवडलं. जावानीज बोलणारे कितीतरी जास्त असूनही. त्यामुळे मलय आली की मलेशिया, ब्रुनेई, सिंगापूर आणि थोड्या फरकाने इंडोनेशिया, एवढा प्रदेश उघडतो. फरक लक्षात ठेवा: मलेशियात "पेरचुमा" म्हणजे फुकट, इंडोनेशियात निरुपयोगी. "बुदाक" म्हणजे मलेशियात मूल, इंडोनेशियात गुलाम. पुस्तकं, बातम्या, मालिका, शिकवण्या, सगळं भरपूर. नोकरीसाठी, व्यापारासाठी किंवा घरबसल्या एकट्याने शिकायचं असेल तर मलय घ्या, दुसरा विचार करू नका.

ह्मोंगला स्वतःचा देश नाही. 1975 नंतर लाओसमधून थायलंडच्या निर्वासित छावण्यांत आणि तिथून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, अगदी फ्रेंच गयानापर्यंत हे लोक पोहोचले. अमेरिकेत ते तीन लाखांहून अधिक आहेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सर्वांगीण सुवर्ण जिंकणारी सुनीसा ली सेंट पॉलचीच. त्यांची गोष्ट पुस्तकांपेक्षा "पा न्दाउ" या भरतकामात, म्हणजे शब्दशः फुलांच्या कापडात, जास्त सापडते. छावण्यांतल्या बायकांनी नदी ओलांडून पळाल्याची चित्रं त्यावर टाक्यांनी काढली आहेत. अशा कापडासमोर बसलेल्या आजीला तिच्याच भाषेत "हे कोण?" एवढं विचारता आलं तरी ती पुढचा तासभर सांगत राहते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. तुमच्या गावात, दवाखान्यात, शाळेत ह्मोंग माणसं असतील, विशेषतः तुम्ही परिचारिका, शिक्षिका किंवा समाजसेवक असाल, तर ह्मोंग घ्या. सहा महिने सुरांना द्या आणि शेजारची एक आजी गाठा. तसं कुणी नसेल तर मलय घ्या. दोन्ही एकदम सुरू करू नका. मी तो प्रयत्न केला होता, आणि मलयच्या सपाट सवयीने ह्मोंगचे सूर पुन्हा पुसले गेले. गेल्या शनिवारी बाजारात त्या बाईंना मी पुन्हा हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, पिशवीत एक जुडी जास्तीची टाकली आणि ह्मोंगमध्ये नमस्कार केला, "न्यॉ झाँग."