गूगल साइट्सवर शाळकरी मुलांचा पोर्टफोलिओ: काय जमतं, कुठे अडतं

आठवी ते बारावीतल्या मुलांचं काम एका जागी नीट मांडायला कोड न लिहिता वेबसाइट बनवू देणारं गूगल साइट्स हे आज हाताशी असलेलं सगळ्यात सोयीचं साधन आहे. दोन अटी मात्र पाळायला हव्यात. साइट शाळेच्या खात्यावर बनवायची नाही आणि फाइलींच्या परवानग्या तपासल्याशिवाय लिंक कोणाला पाठवायची नाही. पोर्टफोलिओ ऐन वेळी बंद पडण्यामागे बहुतेक वेळा या दोनपैकीच एक कारण असतं.

आधी अपेक्षा स्पष्ट करू. महाराष्ट्रात अकरावीचा केंद्रीय प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. तिथे पोर्टफोलिओ कोणी पाहत नाही. एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन-फॅशनच्या राष्ट्रीय संस्थांचा बारावीनंतरचा डिझाइन प्रवेशही त्यांच्या परीक्षांवर ठरतो. पोर्टफोलिओ कामाला येतो तो काही खासगी डिझाइन महाविद्यालयांच्या मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत, सुट्टीतल्या उमेदवारीसाठी (इंटर्नशिप) आणि परदेशी अर्जांत. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं ज्या कॉमन अ‍ॅपवरून अर्ज घेतात, तिथे जास्तीत जास्त १० उपक्रम देता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. चार वर्षांचं काम तारखांसकट नोंदवलेलं असेल तर ती १५० अक्षरं नेमकी लिहिता येतात. नोंद नसेल तर बारावीच्या धावपळीत नुसतं ‘विज्ञान प्रदर्शनात सहभाग’ एवढंच सुचतं.

साइट्स फुकट आहे आणि पानावर जाहिराती येत नाहीत. जोडायच्या फाइली ड्राइव्हमध्ये राहतात, त्यामुळे त्यांना जागा मिळते ती गूगल खात्याच्या १५ जीबीतलीच, म्हणजे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली. लेखन आणि फोटोंना ती पुरून उरते, पण व्हिडिओ चढवायला लागलं की लवकर भरते. व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा ठेवून साइटवर जोडावा. जागा वाचते आणि समोरच्याच्या फोनवर तो पटकन चालतो.

कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनाशी तुलना होणारच. कॅनव्हाचे तयार साचे देखणे आहेत, आणि मुलं फसतात ती तिथेच. साच्यात ‘नेतृत्व ९० टक्के, संवाद ८५ टक्के’ अशा पट्ट्या आधीच काढलेल्या असतात. मुलं आकडे बदलतात आणि पोर्टफोलिओ झाला असं समजतात. त्या पट्ट्यांना काडीचा अर्थ नाही, मुलाखत घेणारा त्या वाचतही नाही. साइट्सचं पान कोरं आणि साधं असतं, त्यामुळे काम दाखवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आम्ही साइट्सकडे झुकतो ते यासाठी. छापील दोन पानी पीडीएफ हवी असेल तर मात्र कॅनव्हा किंवा गूगल स्लाइड्स वापरावं, कारण साइट्समधून नीट पीडीएफ निघत नाही. ब्राउझरमधून छापायला गेलं तर जोडलेल्या फाइलींच्या जागी रिकाम्या चौकटी येऊ शकतात.

सुरुवात खात्यापासून. वय १३ पूर्ण असेल तर मुलाच्या स्वतःच्या नावाचं जीमेल उघडावं, तेही पालकांना शेजारी बसवून. शाळेने दिलेल्या खात्यावर साइट बनवली तर दोन अडचणी येतात. शाळेच्या प्रशासकाने बाहेरच्यांना पाहण्याची मुभा बंद ठेवली असेल तर लिंक शाळेबाहेर उघडतच नाही. शिवाय दहावीनंतर शाळेने खातं काढून टाकलं की त्यासोबत साइटही जाते. दुसरी अडचण कळते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो.

संगणक कक्षात वर्गाकडून हे करून घ्यायचं असेल तर तास बहुतेक वेळा लॉगिनपाशीच वाया जातो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असते, कोड आईच्या किंवा बाबांच्या फोनवर येतो आणि ते कामावर असतात. उपाय सोपा आहे. खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात, एका वेळी १०, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ते घरी कागदावर उतरवून, त्यावर नाव न घालता, दप्तरात ठेवायचे. कक्षातल्या संगणकावर क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी उघडायला लावावी. नाहीतर पुढच्या तासाचा मुलगा आधीच्याच्या खात्यात साइट बनवत बसतो.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘साइट्स डॉट न्यू’ (sites.new) टाकलं की कोरं पान उघडतं. उजवीकडे पानांची आणि रंगसंगतीची सोय असते. तीन पानं पुरेत: ओळख, कामं, प्रमाणपत्रं. बांधणी संगणकावरच करावी. फोनवर बदल करायला साइट्सचं अ‍ॅप नाही आणि ब्राउझरमधून ओढाताण केली तर ठोकळे भलतीकडे सरकतात. ज्या घरात फोनच आहे, त्या मुलांसाठी ही या साधनाची सगळ्यात मोठी उणीव आहे. त्यांनी मजकूर आणि फोटो फोनवरच्या गूगल डॉक्समध्ये तयार ठेवावेत आणि शाळेच्या संगणकावर फक्त जागच्या जागी लावावेत. डॉक्समध्ये आधी लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे शिक्षकांना तिथे शेरे देता येतात. 

आता परवानग्या. साइट प्रकाशित करणं आणि तिच्यात जोडलेली ड्राइव्हची फाइल खुली करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला त्याच्या खात्यातून सगळं व्यवस्थित दिसतं, परीक्षकाला मात्र प्रमाणपत्राच्या जागी ‘परवानगी मागा’ अशी पाटी दिसते. म्हणून ड्राइव्हमध्ये एकच फोल्डर करावा, त्याला ‘लिंक असलेला कोणीही, फक्त पाहण्यापुरतं’ ही परवानगी द्यावी आणि साइटवर लागणाऱ्या प्रतीच त्यात ठेवाव्यात. मूळ कागद त्यात नकोत. मग लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे खात्यात लॉगिन न करता, उघडून प्रत्येक पान शेवटपर्यंत पाहावं. आणखी एक चूक नेहमीची आहे. बदल केल्यावर पुन्हा ‘प्रकाशित करा’ दाबल्याशिवाय लोकांना जुनंच पान दिसत राहतं.

प्रकाशित करताना पत्ता इंग्रजी लहान अक्षरं, अंक आणि आडव्या रेघेतच (-) घेतला जातो, देवनागरी चालत नाही. त्यात जन्मवर्ष किंवा शाळेचं नाव घालू नये. त्याच खिडकीत शोधयंत्रांनी ही साइट दाखवू नये अशी विनंती करण्याचा पर्याय असतो. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाने त्यावर खूण करावी. लिंक ज्याला दिली त्याने पाहावं, एवढंच हवं आहे.

गुणपत्रिकेच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर बैठक क्रमांक आणि आईचं नाव असतं, आणि ऑनलाइन निकाल पाहायला याच दोन गोष्टी विचारतात. साइटवर लावायच्या प्रतीत दोन्ही झाकावेत. आधार क्रमांक आणि घरचा पत्ता असलेला कागद तर लावूच नये. खरी गुणपत्रिका सरकारच्या डिजिलॉकरमध्ये असू द्यावी. तिथे ‘जारी’ विभागात मंडळाकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो. स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. हा फरक पालकांनाही अनेकदा माहीत नसतो. गुणपत्रिका ओढताना नाव आधारशी जुळलं नाही तर ती येत नाही, म्हणून नावातली चूक दहावीचा अर्ज भरण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी.

प्रमाणपत्रं स्कॅन करायला ड्राइव्हच्या अ‍ॅपमधलं ‘स्कॅन’ पुरतं. फुकटातली काही स्कॅन अ‍ॅप्स प्रत्येक पानाच्या तळाशी स्वतःचं नाव छापतात, ते वाईट दिसतं. चित्रांचे फोटो दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून काढावेत. ट्यूबलाइटखाली जलरंग पिवळे किंवा निळसर पडतात आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटला चांगली श्रेणी मिळवलेल्या मुलाचंही काम कच्चं वाटतं.

कामांच्या पानावर पाच-सहाच कामं ठेवावीत, पण प्रत्येकाखाली थोडक्यात हे यावं: काय केलं, कधी, किती दिवस, त्यात स्वतःचा वाटा कोणता, काय बिघडलं आणि मग काय बदललं. उदाहरणार्थ, आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर बनवलेलं मातीचा ओलावा मोजणारं यंत्र. ‘आर्डुइनो वापरून स्मार्ट शेती प्रकल्प केला’ हे वाक्य कोणीही लिहितं. ‘दोन दांड्यांचा सेन्सर सतत विजेवर ठेवल्याने दांड्या गंजल्या आणि आकडे घसरत गेले. म्हणून त्याची वीज आर्डुइनोच्या डिजिटल पिनवरून दिली, दर तासाला मोजण्यापुरती चालू केली आणि दोन्ही वेळचे आकडे तक्त्यात मांडले’ हे ज्याने हात घातला त्यालाच लिहिता येतं. शेजारी गंजलेल्या दांडीचा फोटो असेल तर बक्षिसाच्या ढालीपेक्षा तो जास्त बोलतो. गटाने केलेल्या कामात ‘आम्ही’ लिहून भागत नाही. वायरिंग कोणी केलं, फलक कोणी लिहिला, हे स्पष्ट असावं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

हा नियम फक्त विज्ञानाला नाही. घरच्या दुकानाचा हिशेब तीन महिने वहीतून स्प्रेडशीटवर आणणं, एनसीसीच्या शिबिरातली जबाबदारी, गावातल्या झाडांची मराठी नावांसह केलेली यादी, ही सगळी खरी कामं आहेत आणि ती मराठीत लिहिली तरी चालतात. बाहेरच्या अर्जासाठी लागेल तेव्हा त्याच मजकुराचं इंग्रजी पान जोडता येतं.

दिसण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रंगसंगती कोणतीही साधी निवडावी. वर फोन, टॅबलेट आणि मोठा पडदा अशी पूर्वदृश्यं मिळतात, त्यातलं फोनचं नक्की पाहावं, कारण शेजारी ठेवलेले ठोकळे तिथे एकाखाली एक येतात आणि फोटो एका कामाचा, मजकूर दुसऱ्याचा असं होतं. एक काम एका विभागात ठेवलं की ही भानगड होत नाही. चुकून काही पुसलं गेलं तर आवृत्ती-इतिहासातून मागचं पान परत आणता येतं.

मुलाखतीला जाताना फोनच्या नेटवर्कवर भरवसा ठेवू नये. दोन पानी पीडीएफ छापून न्यावी आणि तिच्या कोपऱ्यात साइटचा क्यूआर कोड द्यावा. क्रोममध्ये पान उघडून ‘शेअर’मधून तो फुकट बनतो. छापण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनने तो एकदा वाचून पाहावा. साइटचा पत्ता नंतर बदलला तर छापलेला कोड निकामी होतो, म्हणून पत्ता पहिल्याच दिवशी विचार करून ठरवावा.

आमच्याकडून पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण फोनवर बदल करता येत नाहीत त्यासाठी.