तीन बॉलचं स्पायरोमीटर, पाच महिन्यांनंतर: फुप्फुसं बरी, पाइप गेला

मागच्या आठवड्यात माझ्या स्पायरोमीटरचा, म्हणजे पाइपने श्वास ओढून तीन बॉल वर उचलायच्या फुप्फुसांच्या व्यायामाच्या यंत्राचा, तिसरा बॉल वर जायचा बंद झाला. आदल्या रात्री टुणकन उडत होता, सकाळी ढिम्म. व्हायरल न्यूमोनियाचा ताप जाऊन पाच महिने झाले, आता काय नवीन? जीव खाऊन तीनदा ओढलं, तर डोकं गरगरायला लागलं. ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय. शेवटी पाइप वाकवून पाहिला तर जोडापाशी बारीक चीर. ओढलेली हवा यंत्रातून न येता तिथूनच आत शिरत होती.

विक्रेत्याचं म्हणणं, पाइप सुटा मिळत नाही, अख्खं यंत्र घ्या. वीतभर नळीसाठी! वायरिंगच्या चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. दोन स्टार इथेच कापले.

बाकी यंत्र चांगलं, चुका माझ्याच. पहिले चार दिवस मी त्यात फुंकत होतो. ओढायचं असतं हे कळल्यावर दोन महिने झटका मारून तिन्ही बॉल छताला लावायचो आणि घरात मिरवायचो. डॉक्टरांनी समोर करायला लावलं आणि हसले. यंत्रावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती सीसी हवा ओढता त्याचे, म्हणजे वेगाचे. छातीत एकूण किती मावली ते हा डबा सांगतच नाही. दोन बॉल वर, तिसरा तळाशी, आणि जमेल तितका वेळ तसंच धरायचं. करून बघा, झटक्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मला पहिल्या दिवशी दोन सेकंदही जमलं नाही.

आधी ‘यामुळे खोकला गेला’ असं लिहिणार होतो. पण व्हायरलनंतरचा खोकला आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, माझा सातव्यात थांबला. श्रेय कुणाला देणार? शिवाय तिन्ही बॉल उडत असतानाही दुसऱ्या मजल्यावर धाप लागतच होती. पीएफटीत (फुप्फुसांच्या कामाच्या तपासणीत) फुंकण्याचे आकडे नॉर्मल आले, डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात उतरण्याचं माप) मात्र थोडा कमी. म्हणजे हवा आत जाते, पण ऑक्सिजन रक्तात उतरायला अडतो. ते बॉलला कुठून कळणार? जिन्यावरची धाप कमी झाली ती रोजच्या चालण्याने, असं माझं मत.

तरी सकाळची दहा वेळा ओढायची सवय सोडलेली नाही. चिकटपट्टी कडेने सुटायला लागली आहे, आज चौथा वेढा मारणार.